उत्तरेचा उजेड

फोनच्या वरच्या कोपऱ्यात काडेपेटीएवढी एक चौकट होती आणि त्या चौकटीत मालिनी ठणठणीत दिसत होती. दिनानाथांना धक्का बसला तो याचा. फोनच्या बाहेर, हातभर अंतरावर, पाठीला तीन उशा लावून तीच मालिनी खुर्चीत बसली होती आणि ती ठणठणीत नव्हती. त्यांनी चौकटीत बघितलं, बायकोकडे बघितलं, पुन्हा चौकटीत बघितलं. बाई एकच, ट्यूबलाइट एकच, मोतिया साडी एकच, आणि चेहरे दोन. सकाळचे सव्वाअकरा झाले होते. चौकटीखाली फोन सांगत होता, आपले डॉक्टर लवकरच आपल्याशी जोडले जातील, रांगेतील आपला क्रमांक सहा. डॉक्टर जोडायला तो काय नळाचा पाइप आहे का, असं मालिनी पहिल्या वेळी म्हणाली होती आणि स्वतःच हसून लोळली होती. त्याला अडीच महिने झाले. आता तिला उशीवरून मान उचलायला दम नव्हता, आणि दिनानाथ ते वाक्य पुनःपुन्हा वाचत होते, कारण दुसरं काही करण्यासारखं त्यांना सुचत नव्हतं.

दिनानाथ गुप्त्यांची उमर रंग बघण्यात गेली होती. चित्रांचे रंग नव्हेत. मोरिवलीला रंगाचा कारखाना होता, त्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं ते शेड जुळवत होते. बॅचमधून वाटीभर रंग यायचा, तो पत्र्याच्या तुकड्यावर ओढायचा, वाळू द्यायचा, मूळ नमुन्याला खेटून धरायचा आणि सांगायचं, काळा एक थेंब कमी करा, पिवळा चढलाय. पांढऱ्याच्या एकवीस जाती त्यांना तोंडपाठ होत्या. पुढे मशीन आलं, मशीन आकडे द्यायला लागलं, तरी ड्रम बाहेर पडायचा तो गुप्तेसाहेबांच्या सहीनंच. त्यांचे नियम होते आणि त्या नियमांपायी ते कारखान्यात चेष्टेचा विषयही होते. शेड बघायची ती उत्तरेच्या खिडकीत, कारण उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा असतो. ट्यूबलाइटखाली काही पास करायचं नाही. आणि पाच सेकंदांवर टक लावून बघायचं नाही, डोळे काढून घ्यायचे, कारण नजर सरावते आणि सरावलेली नजर काहीही पास करते. हा नियम त्यांनी एकदाच मोडला होता. बाहेर भर दुपारी अंधारून आलं होतं, गेटवर ट्रक उभा होता, मॅनेजर घड्याळ बघत होता, आणि त्यांनी ट्यूबखाली सही केली. महिन्याभरानं माल परत आला. कपाटाचं एक दार एका रंगाचं आणि दुसरं दुसऱ्या. दोन दिवस दिनानाथांच्या गळ्याखाली घास उतरला नाही. मालिनीनं ताट पुढं सरकवलं होतं आणि म्हणाली होती, रंगच तो, कुणाचा जीव का गेला? ते तेव्हा जेवले होते.

फोनमधला क्रमांक पाच झाला.

मालिनीचे गुडघे गेले आणि तिसऱ्या मजल्यावरचं हे घर, ज्याच्या हवेचं ती येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुक सांगायची, तिला तुरुंग झालं. बिल्डिंगला लिफ्ट नाही. अंबरनाथला लोकांनी घरं घेतली तेव्हा सगळ्यांचे गुडघे धड होते. खाली कोपऱ्यावर त्यांचे नेहमीचे डॉक्टर होते, तेही थकले आणि दवाखाना मिटवून लेकीकडे निघून गेले. ते डॉक्टर काही फार बोलायचे नाहीत. पेशंट समोर बसला की आधी अंगठ्यानं त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढायचे आणि आतला रंग बघायचे. दिनानाथांना हा माणूस त्यासाठीच आवडायचा, आपल्याच धंद्यातला वाटायचा. ते गेले, मग बंगळूरहून उन्मेषनं हे अ‍ॅप घेऊन दिलं. वर्षाचं पॅकेज, घरबसल्या एमडी डॉक्टर. बाबा, आईला जिन्यावरून हलवायची भानगडच नको, असं तो म्हणाला, आणि त्यात खोटं काही नव्हतं. पोरगा लांब होता, त्याला जे करता येण्यासारखं होतं ते त्यानं केलं. पहिल्या डॉक्टरनं गुडघ्यासाठी गोळी दिली. गोळीनं खरंच जादू केली. मालिनी आठ दिवसांत स्वैपाकघरात उभं राहून थालीपिठं लावायला लागली, सुनेला फोनवर सांगायला लागली की सुरुची, तुझ्या नवऱ्यानं आयुष्यात एक शहाणपणाचं काम केलं. गोळी पंधरा दिवसांची होती. संपली तशी दिनानाथांनी फोनवरच पुन्हा मागवली, ती आली. पुन्हा मागवली, पुन्हा आली. कुणी विचारलं नाही.

मग तिचा रंग उतरला. नेमका दिवस त्यांना माहीत होता, आणि हेच आता त्यांना खात होतं. बावीस दिवसांपूर्वी, एका मंगळवारी, ती स्वैपाकघराच्या खिडकीत तांदूळ निवडत बसली होती. ती खिडकी उत्तरेला आहे. दिनानाथ पाणी प्यायला आत आले आणि दारातच थबकले. त्यांनी डोळे काढून घेतले, भिंतीकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे बघितलं. मग जवळ जाऊन तिचा हात उलटा केला आणि आपला पंजा तिच्या पंज्याशेजारी धरला, पत्र्याशेजारी नमुना धरावा तसा. काय हो, म्हातारपणी हात बघताय, ती म्हणाली. त्यांच्या पंज्यात लाल होतं. तिच्या पंज्यात लाल नव्हतं. कमी नव्हतं, नव्हतंच. खाली जो रंग उरला होता त्याला कारखान्यात नंबर होता, आणि तो नंबर त्यांच्या तोंडात येऊन थांबला, कारण बायकोच्या हाताला असा नंबर द्यायची त्यांना भीती वाटली.

त्याच संध्याकाळी त्यांनी दुसरा डॉक्टर जोडून घेतला. ही एक मुलगी होती, चांगली होती, घाईत होती. दिनानाथ म्हणाले, हिचा रंग उतरलाय. त्या मुलीनं कॅमेऱ्यात डोकावून बघितलं आणि म्हणाली की कलर कॅमेऱ्यात कमीजास्त दिसतो काका, आंटी फ्रेश वाटतायत, वीकनेस असेल. तिनं रक्तवाढीच्या गोळ्या लिहिल्या. एक तपासणीही लिहिली होती, पण घरी येऊन रक्त घेणारा माणूस दोनदा येतो म्हणाला आणि आला नाही, तिसऱ्यांदा फोननं कळवलं की आपली विनंती पूर्ण झाली आहे. कुठं पूर्ण झाली ते शोधायला दिनानाथ तासभर फोनमध्ये हिंडले. एक बटण दाबलं की दुसरं पान यायचं आणि ते पान त्यांना पहिल्या पानावर सोडायचं. तिसरा डॉक्टर पोट दुखतं म्हणून घेतला. त्यानं अ‍ॅसिडिटी सांगितली. तो बोलताना सारखा बाजूला बघून हसत होता, त्याच्याजवळ कुणीतरी असावं. तीन डॉक्टर, तीन चेहरे, आणि दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगायचं, नाव, वय, काय होतंय. आणि दर वेळी मालिनीला डॉक्टर विचारणार, कैसा लग रहा है आंटी, आणि मालिनी सांगणार, बरं आहे.

तिचं चुकत होतं असंही नाही. परक्या माणसानं कसं काय विचारलं की बरं आहे म्हणायचं, हे तिच्या हाडात होतं. आणि डॉक्टरसमोर नीटनेटकं बसायचं, हेही हाडातच. तिच्या माहेरी डॉक्टर घरी यायचे तेव्हा घरातले आधी आजाऱ्याची चादर बदलायचे, तोंड पुसायचे, केस विंचरायचे, आणि मग डॉक्टरना आत घ्यायचे. उन्मेषला कावीळ झाली होती तेव्हा तिनं त्याला इस्त्रीचा शर्ट घालून दवाखान्यात नेलं होतं. फोनमधला डॉक्टर म्हणजे तर घरात आलेला डॉक्टर, हॉल दिसणार, पडदे दिसणार, आपण दिसणार. पहिल्या खेपेपासून ती साडी बदलून, केस बांधून, कुंकू रेखून आणि तोंडाला पावडर लावून बसत होती. पहिल्या खेपेला तिनं आपली आपण लावली. दुसऱ्या खेपेला हात थरथरत होता म्हणून डबा दिनानाथांच्या हातात दिला.

आजही त्यांनीच लावली होती. अकरा वाजता. सकाळी ती न्हाणीघरातून आली तेव्हा भिंतीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, अहो, फार काळं होतंय हो, डांबरासारखं. मग लगेच म्हणाली, हे डॉक्टरला सांगायचं नाही हं. दिनानाथांनी रक्तवाढीच्या गोळ्यांच्या पाकिटातला कागद चष्मा लावून वाचला होता. त्यात लिहिलंच होतं, शौचाचा रंग काळा होऊ शकतो. त्यामुळे गेले पंधरा दिवस हा काळा रंग त्यांनी पास केला होता. पण आज तिचे ओठ त्यांना दिसले. ओठ आणि गाल यांच्यातली सीमा पुसली गेली होती. लागलीच डॉक्टर घेऊ, ते म्हणाले. ती म्हणाली, अशी बसू का त्याच्यासमोर? पावडरचा डबा आणा. आणि दिनानाथांनी डबा आणला. एकतीस वर्षांत पत्र्यावर बोटाचा ठसा पडू न देणाऱ्या माणसानं स्वतःच्या हातानं तिच्या कपाळावर, गालांवर, हनुवटीखाली पावडर फिरवली, कडा नीट जुळवल्या, वर थोडं कुंकवाचं बोट गालांवर फिरवा असं ती म्हणाली तेही केलं, आणि खिडकीच्या उजेडानं फोनमध्ये चेहरा काळा दिसतो म्हणून पडदा ओढून ट्यूबलाइट लावली. फोनमध्येच सूचना होती, पुरेशा प्रकाशात बसावे. हातानं काम करताना त्यांना बरंही वाटलं होतं, हे खरं. तिचा चेहरा माणसात येत होता. आपण काय करतोय हे त्यांना त्या काडेपेटीएवढ्या चौकटीत बघेपर्यंत कळलं नाही.

क्रमांक तीन झाला, मग दोन. दिनानाथांच्या मनात आलं की हे पुसावं. उठावं, ओला नॅपकिन आणावा आणि पुसावं. पण पुसायला गेलं आणि तेवढ्यात नंबर लागला तर? एकदा असंच झालं होतं. ते दाराची बेल वाजली म्हणून उठले आणि परत आले तर फोननं लिहिलं होतं, रुग्ण उपस्थित नसल्याने सल्ला संपवण्यात आला. पुन्हा पहिल्यापासून रांग. ते खुर्चीच्या कडेवर बसून राहिले. गेटवर ट्रक उभा होता आणि मॅनेजर घड्याळ बघत होता.

डॉक्टर आला. तिशीचा, मागं पांढरा पडदा, आवाज आधी आणि ओठ मागून हलत होते. नाव, वय, काय होतंय. दिनानाथांनी सांगायला सुरुवात केली. तो म्हणाला, पेशंट को बोलने दीजिए अंकल. मालिनीनं पदर सारखा केला आणि म्हणाली, बरं आहे, जरा थकवा आहे. खाना, नींद, मोशन, सब ठीक? त्यानं विचारलं. मालिनीनं एकदा नवऱ्याकडे बघितलं. ती नजर दिनानाथ ओळखत होते. पाहुण्यांसमोर ते काही भलतं बोलणार असले की ती अशी बघायची. ठीक, ती म्हणाली.

"हिच्या अंगात रक्त नाहीय डॉक्टर," दिनानाथ म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "मला दिसतंय. तुम्ही डोळ्याची पापणी बघा."

त्यानं बघतो म्हटलं, हे त्याचं भलेपण. दिनानाथांनी अंगठ्यानं तिची पापणी खाली ओढली आणि फोन जवळ नेला. फोनला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं सगळं आधी धूसर केलं, मग उजळ केलं, मग एक गुलाबी गोळा दाखवला. तो गुलाबी फोननं स्वतःच्या पदरचा घातला होता. दिनानाथ समोर डोळा बघत होते आणि तिथं गुलाबी काही नव्हतं.

"अच्छा तो है," डॉक्टर म्हणाला. "फेस पे भी ग्लो है आंटी के. आप टेन्शन मत लो अंकल, आयर्न चालू रखो."

सहा मिनिटं वीस सेकंद. चौकट गेली, चिठ्ठी आली, आणि चिठ्ठीमागोमाग पाच चांदण्या आल्या, आपला अनुभव कसा होता. बघा, उगाच घाबरता तुम्ही, मालिनी म्हणाली, आणि तिला खरंच बरं वाटल्यासारखं दिसलं. मला जरा आडवं करा. दिनानाथांनी तिच्या काखेत हात घालून तिला उठवलं. दोन पावलं चालली आणि मग ती त्यांच्या हातातून गेली. पडली म्हणता येणार नाही, तिच्यात पडण्याइतका जोरच नव्हता. ती खाली उतरत गेली आणि स्वैपाकघराच्या उंबऱ्यात बसली. तिच्या कपाळाला गार घाम सुटला होता आणि त्या घामात पावडर भिजून गालांवरून ओघळायला लागली होती.

त्यांनी मोरीवरचा नॅपकिन भिजवला. तिचं तोंड पुसलं. कपाळ, गाल, हनुवटी, नाकाच्या बाजू, सगळं घासून पुसलं, आणि उत्तरेच्या खिडकीचा उजेड सरळ तिच्या तोंडावर पडला. दिनानाथ पाच सेकंद बघत राहिले. डोळे काढून घ्यायची गरज नव्हती. हा रंग माणसाचा नव्हता. नॅपकिनवर पावडरचा राखाडी लगदा होता आणि त्यात लाल रेघ होती, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की कुंकूही पुसलं गेलं. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली, इतक्या वर्षांत त्यांनी तिचं मोकळं कपाळ बघितलं नव्हतं, अंघोळीहून ती कुंकू लावूनच बाहेर यायची. त्यांना रडू आलं. भीतीचं रडू, लहान पोराला बाजारात आई दिसेनाशी झाल्यावर येतं तसं. त्यांनी दार उघडलं आणि जिन्यात उभं राहून, आयुष्यात कधी कुणाला मोठ्यानं हाक न मारलेल्या त्या माणसानं, किर्ती, संतोष, अशा हाका मारल्या.

किर्ती आणि संतोष तळमजल्यावर राहायचे. संतोष रिक्षा चालवायचा, आणि तो मोरिवलीच्या रघुचा मुलगा, कारखान्यात मिक्सरवर असलेल्या रघुचा. दोघं वर आले, मालिनीला बघून किर्तीनं तोंडावर हात ठेवला. संतोष खुर्ची आणायला धावला. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून, साडीच्या पदरानं खुर्चीला बांधून, दोघा पुरुषांनी तिला तीन मजले खाली आणलं. सहा मिनिटं लागली. ज्या जिन्यासाठी अडीच महिने चार डॉक्टर जोडून घेतले तो जिना सहा मिनिटांत उतरून झाला, आणि ही गोष्ट दिनानाथांना रिक्षात बसल्यावरही गिळता येईना. मालिनीचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं. उल्हासनगरला नेतो, रस्ता खोदलाय पण आतून काढतो, संतोष म्हणाला. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून, त्याला वाटलं असेल काकांना धीर येईल म्हणून, तो म्हणाला,

"आमचा बा सांगायचा काका, साहेबांचे नजरेतून डाग सुटायचा नाय."

दिनानाथांनी बाहेर बघितलं. फर्निचरवाल्यांची दुकानं चालली होती, पॉलिशचा वास येत होता, एका दुकानापुढं दोन कपाटं उभी होती. त्यांच्या खिशात फोन थरथरला. उन्मेष असेल म्हणून त्यांनी काढला. उन्मेष नव्हता. आपण अद्याप आपला अनुभव नोंदवलेला नाही.

हॉस्पिटलच्या अपघात विभागात एक डॉक्टर होती, ऋता नावाची पट्टी तिच्या खिशावर होती. तिनं मालिनीला कॉटवर घेतल्याबरोबर काही न विचारता पहिल्यांदा अंगठ्यानं पापणी ओढली. पाऊण सेकंद बघितलं असेल. मग मागं वळून नर्सला दोनचार गोष्टी एका दमात सांगितल्या, त्यातलं रक्त एवढं दिनानाथांना कळलं. दोघीतिघी धावल्या. पोटात बरेच दिवस रक्त जातंय, ती सुई टोचताटोचता म्हणाली, गुडघ्याच्या कुठल्या गोळ्या चालू होत्या का? दिनानाथांनी पाकिटं पुढं केली. ती बघून तिनं ओठ आवळले.

"किती दिवस झाले अशा दिसतायत?"

"बावीस," दिनानाथ म्हणाले.

तिनं मान वर केली. इतका नेमका आकडा तिला अपेक्षित नसावा. "कुणाला दाखवलं नाही?"

"दाखवलं. फोनवर. तीन डॉक्टर झाले."

"आणि हा रंग तिघांतल्या एकालाही दिसला नाही?"

तिच्या आवाजात राग होता, आणि तो राग फोनमधल्या त्या तिघांवर होता, दिनानाथांवर नव्हता. तो तसाच त्यांच्यावर राहू देणं अगदी सोपं होतं. उन्मेषनंही पुढं तेच म्हटलं असतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी तेच म्हटलं असतं. दिनानाथांच्या मुठीत ओला नॅपकिन अजून तसाच होता, जिन्यातून, रिक्षातून, इथवर तो त्यांनी सोडला नव्हता.

"पावडर लावलेली होती," ते म्हणाले. "मी लावली होती."

डॉक्टरनं त्यांच्याकडे बघितलं आणि ती पुन्हा कामाला लागली. वाचेल का ही, असं त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली की आत्ता काही सांगता येणार नाही, फार उशीर झालाय, वर नेऊन दुर्बिणीनं बघावं लागेल, तुम्ही इथं सही करा. दिनानाथांनी सही केली. डोक्यावर ट्यूबलाइट होती. वॉर्डबॉयनी कॉट हलवली तेव्हा मालिनीनं डोळे उघडले, आणि आजूबाजूला पांढरे डगले दिसल्यावर तिचा हात आपोआप पदराकडे गेला. पदर सापडला नाही. तिनं नवऱ्याला शोधलं.

"अहो," ती म्हणाली. आवाज इतका बारीक होता की त्यांना वाकावं लागलं. "किती माणसं आहेत. कुंकू नीट आहे ना माझं?"

दिनानाथांनी तिच्या मोकळ्या कपाळाकडे बघितलं. नॅपकिनची मूठ पाठीमागे नेली.

"आहे," ते म्हणाले. "छान दिसतेयस."